विंडोज, लिनक्स आणि मॅक एकाच ऑफिसात: रोमिंग प्रोफाइलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून सात रस्त्यापर्यंत वीस-तीस पीसींची जी ऑफिसं आहेत, तिथलं चित्र साधारण सारखंच असतं. अकाउंटला विंडोज, डिस्पॅचला जुन्या पीसीवर लिनक्स, टॉवेल-चादरींचा कॅटलॉग करणाऱ्याच्या टेबलावर एखादा मॅक. माणसं मात्र टेबलं बदलत राहतात. कोणी रजेवर गेलं की दुसरा त्याच्या जागी बसतो, आणि मग सुरू होतं: "माझा डेस्कटॉप कुठं गेला?" अशा ऑफिसांत काम करताना मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

रोमिंग प्रोफाइल म्हणजे नेमकं काय?

विंडोजवर प्रत्येक माणसाचं एक प्रोफाइल असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, प्रोग्रामच्या सेटिंग्ज आणि रजिस्ट्रीतला (विंडोज सेटिंग्ज नोंदवतं त्या जागेतला) त्याचा वैयक्तिक भाग हे सगळं त्यात येतं. प्रोफाइल रोमिंग केलं की त्याची मूळ प्रत सर्व्हरवर राहते. लॉगिन करताना ती पीसीवर उतरते, लॉगऑफ करताना झालेले बदल परत सर्व्हरवर जातात.

हे थेट प्रक्षेपण नाही, ने-आण आहे. दिवसभर तुम्ही काम करता ते पीसीवरच्या प्रतीवर, सर्व्हरवरच्या नाही. पुढच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

आमच्याकडे बारा पीसी आहेत. आम्हाला हे लागतं का?

प्रत्येकजण रोज आपल्याच टेबलावर बसत असेल तर नाही. सर्व्हरवर एक नीट बांधलेलं सामायिक फोल्डर आणि त्याचा रोजचा बॅकअप एवढं पुरतं. पाळ्यांमध्ये काम चालत असेल, एका पीसीवर तीन-तीन माणसं बसत असतील किंवा ऑफिस आणि कारखाना अशा दोन्हीकडे तीच माणसं फिरत असतील, तर विचार करा.

आधी एक तपासून घ्या. रोमिंगसाठी पीसी डोमेनला, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं एकाच सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडावा लागतो, आणि त्यासाठी विंडोजची प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. दुकानातून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर होम आवृत्ती असते, ती डोमेनला जोडताच येत नाही. सर्व्हरकडे विंडोज सर्व्हरच हवा असं नाही. लिनक्सवरचा साम्बा (विंडोजच्या पीसींना फाइली पुरवणारं सॉफ्टवेअर), आवृत्ती ४ पासून, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरपासून, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे विंडोजच्या डोमेन व्यवस्थेचा, डोमेन कंट्रोलर (ती चालवणारा सर्व्हर) होऊ शकतो आणि रोमिंग प्रोफाइलही सांभाळतो. लायसन्सचा खर्च परवडत नसेल तर हा खरा पर्याय आहे, पण लिनक्स सांभाळणारं माणूस जवळ असू द्या.

सकाळी दहा वाजता लॉगिनला दहा-दहा मिनिटं लागतात. सर्व्हर बदलू का?

सर्व्हर बदलण्याआधी प्रोफाइलचा आकार बघा. मी तरी पहिलं काम हेच करतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

हिशोब साधा आहे. १०० एमबीपीएसच्या स्विचवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११ एमबी जातात. २ जीबीचं प्रोफाइल उतरायला तीन मिनिटं. सर्व्हरची स्वतःची वायरही १०० एमबीपीएसचीच असेल आणि दहा माणसं एकदम लॉगिन करत असतील, तर तीच तीन मिनिटं अर्ध्या तासावर जातात. त्यातही २ जीबीची एक फाइल पटकन जाते, पण हजारो बारीक फाइली फार वेळ खातात, कारण प्रत्येक फाइलीची वेगळी विचारपूस होते.

आता हे २ जीबी आले कुठून? डेस्कटॉपवर टाकलेले मालाचे फोटो. डाउनलोड्समध्ये साचलेली व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली बिलं आणि व्हिडिओ. डाउनलोड्स फोल्डर प्रोफाइलबरोबर फिरतं हे अनेकांना माहीतच नसतं. ॲपडेटा, म्हणजे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात ते फोल्डर, त्याच्या आतलं लोकल आणि लोकललो हे भाग विंडोज मुळातच फिरवत नाही, पण त्याच ॲपडेटातलं रोमिंग नावाचं फोल्डर फिरतं, आणि काही प्रोग्राम आपली जड साठवण बिनदिक्कत तिथेच ठेवतात.

इलाज दोन. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स प्रोफाइलमधून बाहेर काढून फोल्डर रीडायरेक्शनने सर्व्हरवर ठेवा. आणि ॲपडेटातली जड फोल्डरं 'एक्सक्लूड डिरेक्टरीज इन रोमिंग प्रोफाइल' या पॉलिसीत (डोमेनवरून पीसींना लागू होणाऱ्या नियमात) लिहून वगळा. मग प्रोफाइलमध्ये फक्त सवयी उरतात, सामान नाही. ते काही शे एमबीच्या खाली आणता आलं तर सकाळची रांग मोडते. सर्व्हरची वायर आणि तिचा स्विच गिगाबिटचा करणं हा खर्च मात्र जरूर करा.

फोल्डर रीडायरेक्शन आणि रोमिंग प्रोफाइल एकच ना?

नाही. रोमिंगमध्ये फाइल पीसीवर उतरते. रीडायरेक्शनमध्ये ती सर्व्हरवरच राहते आणि उघडली तेव्हाच वायरवरून येते. दोन्ही एकत्र वापरायची असतात.

ॲपडेटाही रीडायरेक्ट करता येतो, पण छोट्या ऑफिसला मी ते करू देत नाही. तसं केलं की प्रत्येक प्रोग्रामची प्रत्येक बारीक सेटिंग वायरवरून वाचली जाते आणि सर्व्हर जरा अडखळला की सगळ्यांचे प्रोग्राम एकदम हँग होतात. आउटलुकची पीएसटी, म्हणजे मेल साठवणारी, फाइलही तपासा. ती डॉक्युमेंट्समध्येच तयार होते, म्हणजे रीडायरेक्शनबरोबर सर्व्हरवर जाते, आणि नेटवर्कवरून उघडलेली पीएसटी बिघडण्याची भीती असते. ती पीसीच्या डिस्कवर ठेवा आणि तिचा बॅकअप वेगळा काढा.

एकाच माणसाला जुन्या पीसीवर वेगळा डेस्कटॉप आणि नव्यावर वेगळा का दिसतो?

कारण ती दोन वेगळी प्रोफाइलं आहेत. विंडोजच्या पिढीनुसार सर्व्हरवरच्या फोल्डरच्या नावापुढे शेपूट लागतं. विंडोज ७ ला व्ही२, ८.१ ला साधारणपणे व्ही४, विंडोज १० च्या पहिल्या दोन आवृत्त्यांना व्ही५, आणि १० ची १६०७ आवृत्ती व त्यापुढे व्ही६. विंडोज ११ सुद्धा व्ही६ च वापरतं, त्यामुळे नवे १० आणि ११ एकमेकांशी जुळतात. ७ आणि १० कधीच जुळणार नाहीत.

म्हणून यूझरच्या खात्यात प्रोफाइलचा पत्ता लिहिताना हे शेपूट हाताने लिहू नका. विंडोज ते स्वतः जोडतं. तुम्हीही लिहिलंत तर दोनदा लागतं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही लक्षात असू द्या.

तेच प्रोफाइल लिनक्सवर चालेल का?

नाही, आणि चालवण्याच्या खटपटीत पडू नका. विंडोजच्या सेटिंग्ज एनटीयूझर डॅट नावाच्या रजिस्ट्री फाइलीत असतात. लिनक्सच्या सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या लपलेल्या फाइलींत असतात. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही.

तिन्ही प्रणालींमध्ये समान ठेवायच्या गोष्टी दोनच: माणसाची ओळख आणि त्याची कागदपत्रं. ओळख म्हणजे एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड, जो डोमेनवर राहतो. लिनक्सचे पीसी एसएसएसडी किंवा विनबाइंड हे जोडणीचे प्रोग्राम वापरून त्याच डोमेनला जोडता येतात. कागदपत्रं म्हणजे सर्व्हरवरचं त्या माणसाचं फोल्डर, जे विंडोजवर डॉक्युमेंट्स म्हणून आणि लिनक्सवर लॉगिन करताना जोडलेलं फोल्डर म्हणून दिसेल. सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या.

विंडोजचं प्रोफाइल फोल्डर लिनक्सच्या होम फोल्डरच्या पोटात ठेवण्याची जुनी रीत साम्बाच्या मूळ सेटिंगमध्येच होती. ती मोडा. प्रोफाइलांसाठी सर्व्हरवर स्वतंत्र शेअर (सामायिक फोल्डर) तयार करा, नाहीतर कोणीतरी लिनक्सवरून जागा साफ करताना विंडोजचं प्रोफाइल उडवतं.

लिनक्सचं अख्खं होम फोल्डर सर्व्हरवर ठेवलं तर?

सगळे लिनक्स पीसी एकाच आवृत्तीचे असतील तर एनएफएसवरून, म्हणजे लिनक्सच्या फाइली वाटून देण्याच्या पद्धतीने, हे छान चालतं. आवृत्त्या वेगळ्या असल्या की कुरबुरी सुरू होतात. नव्या फायरफॉक्सने उघडलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स घेत नाही, २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून तो मुद्दाम अडवतो. दोन पीसींवर एकाच खात्याने लॉगिन केलं तर फायरफॉक्स आधीच चालू असल्याचं सांगून उघडत नाही. अशी रचना केलीच तर निदान कॅशेचं, म्हणजे तात्पुरत्या साठवणीचं, फोल्डर पीसीच्या डिस्कवर वळवा, अर्धा भार तिथेच कमी होतो.

"माझीच फाइल आहे, पण लिनक्सवर मलाच परवानगी नाही म्हणतो."

लिनक्स माणसाला नावाने नाही, आकड्याने ओळखतो. एका पीसीवर एसएसएसडी आणि दुसऱ्यावर विनबाइंड बसवलं असेल, तर एकाच माणसाला दोन आकडे मिळू शकतात. सर्व्हरच्या लेखी ती दोन माणसं झाली. सगळ्या लिनक्स पीसींवर एकच पद्धत ठेवा, किंवा आकडे डोमेनमध्येच नोंदवून सगळ्यांना तिथून वाचायला लावा. दोन हार्डवेअरवाल्यांनी मिळून बसवलेल्या ऑफिसात हा घोळ हमखास सापडतो.

एकच फोल्डर विंडोजला साम्बाने आणि लिनक्सला एनएफएसने दिलं तर चालेल ना?

दिसायला चालतं. पण विंडोजने एखादी फाइल अडवून ठेवली आहे हे एनएफएसच्या वाटेने आलेल्याला कळत नाही. मी एका ऑफिसात हेच केलं होतं. पॅकिंग लिस्ट एका टेबलावर एक्सेलमध्ये उघडी, दुसऱ्या टेबलावर लिब्रेऑफिसमध्ये उघडी, दोघांनी सेव्ह केली आणि सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. माल गाडीत चढत असताना पुन्हा गठ्ठे मोजावे लागले. तेव्हापासून सामायिक कागदपत्रांना मी एकच वाट ठेवतो, लिनक्सवरूनही साम्बाच.

मॅकचं काय करायचं?

मॅक डोमेनला जोडता येतो, पण विंडोजचं रोमिंग प्रोफाइल तो वाचत नाही. एक-दोनच मॅक असतील तर माझं मत: त्यांना स्थानिक खातं ठेवा आणि फक्त सामायिक फोल्डर जोडून द्या. साम्बाच्या सर्व्हरवर फ्रूट नावाचं मॉड्यूल चालू करा, मॅकच्या फाइलींबरोबर येणारी जास्तीची माहिती ते नीट सांभाळतं.

'कर्मचाऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये कशा?

हा प्रश्न इंग्रजीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांना पडत नाही, त्यामुळे परदेशी पुस्तिकांत त्याचं उत्तरही सापडत नाही. आपल्याला मात्र तो रोजचा आहे.

'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक वर्णाला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत) एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतं. एक, खास 'ऱ' हे अक्षर वापरून. दोन, साधा 'र', खाली नुक्ता. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमाने समान मानले जातात, पण लिनक्सची आणि विंडोजची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) ही समानता पाहत नाही, ती फक्त आतले आकडे ताडून बघते. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टीम नाव साठवताना 'ऱ' ची फोड करून टाकायची. तिथून झिपने किंवा आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने आलेली 'कर्मचाऱ्यांची यादी' आणि विंडोजवर टाइप केलेली 'कर्मचाऱ्यांची यादी' सर्व्हरवर शेजारी शेजारी बसतात. एकीत मार्चचा पगार, दुसरीत एप्रिलचा.

तिसरा प्रकार कीबोर्डवर अवलंबून असतो, तो कोणतंही सॉफ्टवेअर आपोआप जुळवून देत नाही. ऑफिसात मराठी टाइप करायला सगळ्यांना एकच कीबोर्ड ठरवून द्या, माझी पसंती इन्स्क्रिप्टला.

नावाच्या लांबीचंही तसंच आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. म्हणजे ८५ वर्ण. 'कर्मचाऱ्यांची' या शब्दात आपल्याला पाच अक्षरं दिसतात, पण काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजून ते तेरा वर्ण होतात, ३९ बाइट. पत्राचा अख्खा विषय फाइलीचं नाव म्हणून लिहिण्याची सवय असलेल्या ऑफिसात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोजचं एनटीएफएस २५५ वर्णांपर्यंत घेतं, म्हणून विंडोजवर चाललेलं नाव लिनक्स सर्व्हरवर अडतं. नावं छोटी ठेवा, तारीख आकड्यांत लिहा, आणि विसर्गाच्या जागी कोलन वापरू नका. कोलन विंडोजला नावात चालतच नाही.

प्रोफाइलबरोबर मराठी फाँट आणि तेलुगू, कन्नड कीबोर्ड फिरतात का?

कीबोर्डची निवड फिरते, कारण ती रजिस्ट्रीच्या वैयक्तिक भागात असते. सोलापुरात हे महत्त्वाचं आहे, एकाच ऑफिसात मराठी, तेलुगू आणि कन्नड टाइप करणारी माणसं असतात. फाँट मात्र फिरत नाहीत. ते पीसीवर बसतात, आणि फक्त एका यूझरसाठी बसवलेला फाँट ॲपडेटाच्या लोकल भागात जातो, जो फिरत नाही. जुन्या बिगरयुनिकोड फाँटमधली पत्रं दुसऱ्या टेबलावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात ती याचमुळे. फाँट सगळ्या पीसींवर सर्वांसाठी बसवा, लिनक्ससकट. आणि जुनी पत्रं शक्य तितक्या लवकर युनिकोडमध्ये आणा.

एकाच खात्याने दोन पीसींवर लॉगिन केलं तर?

रजिस्ट्रीची फाइल अख्खीच्या अख्खी जाते. ज्याने शेवटी लॉगऑफ केलं त्याची राहते, आधीच्याचे बदल पुसले जातात. 'डिस्पॅच' नावाचं एक खातं चौघांनी वापरणं म्हणूनच बंद करा. प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या.

"तुम्ही टेम्पररी प्रोफाइलने लॉगिन केलं आहे" असं आलं. काय करू?

सर्वांत आधी: त्या स्थितीत काम करू नका. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं लॉगऑफबरोबर जातं. लॉगऑफ करून पीसी रीस्टार्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

नाही सुटलं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडा. १५२१ हा आकडा दिसला तर पीसीला सर्व्हरवरची प्रत सापडलेली नाही, म्हणजे वायर, नाव किंवा परवानगी बघा. १५११ म्हणजे पीसीवरची प्रत सापडत नाही. १५३० म्हणजे लॉगऑफच्या वेळी कुठल्यातरी प्रोग्रामने रजिस्ट्री धरून ठेवली होती, तिथे अँटीव्हायरस किंवा प्रिंटरच्या सॉफ्टवेअरवर संशय घ्या. पीसीच्या रजिस्ट्रीत 'प्रोफाइललिस्ट' या जागी त्या माणसाच्या नोंदीपुढे 'बॅक' असं शेपूट लागलेलं दिसलं तर नोंद दुरुस्त करता येते, पण आधी त्या रजिस्ट्री भागाची प्रत काढा.

सर्व्हरवरचं फोल्डर तुम्ही ॲडमिन म्हणून हाताने तयार केलं असेल, तर मालकी त्या माणसाची नसल्याने विंडोज नाकारू शकतं. पहिल्या लॉगिनला ते फोल्डर माणसाच्या नावानेच आपोआप बनू द्या. त्यासाठी मूळ फोल्डरवर यूझरना फक्त यादी पाहण्याची आणि नवं फोल्डर करण्याची परवानगी लागते. या शेअरवर ऑफलाइन कॅशिंग बंद ठेवा.

डोमेनच सापडत नाही म्हणतो, नेट तर चालू आहे.

पीसीच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधण्याच्या सेटिंगमध्ये) इंटरनेट कंपनीच्या राउटरचा पत्ता असणार. तिथे डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा. दुसरं, घड्याळ बघा. सर्व्हर आणि पीसीच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बरोस (डोमेनवर ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं. जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल गेला की हेच होतं. एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक कारण: लिनक्स घड्याळ जागतिक वेळेत ठेवतो, विंडोज स्थानिक वेळेत, आणि साडेपाच तासांचा फरक पडतो.

लॉगऑफ होत असतानाच लाइट गेली तर?

त्या दिवसाचे सेटिंगमधले बदल सर्व्हरवर गेलेले नसतील. त्याच पीसीवर पुन्हा बसलात तर तिथली नवी प्रत धरली जाते, दुसऱ्या पीसीवर जुनी दिसते. सर्व्हरला यूपीएस असतो, पण स्विचला नसतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता जाताच पहिली वायर स्विचची तपासतो. स्विचला वीज फार थोडी लागते, त्याच यूपीएसवर घ्या. आणि एप्रिल-मेच्या उन्हात सर्व्हर असलेली केबिन रात्री एसी बंद करून कुलूपबंद करू नका.

पंढरपूरच्या शाखेतून लॉगिन केलं तर?

व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या वाटेने, प्रोफाइल ओढू नका. वाट मंद आहे असं वाटलं तर विंडोज स्वतःच पीसीवरची प्रत वापरतं, पण त्याची मूळ मर्यादा ५०० केबीपीएस इतकी खालची आहे की आजचं कुठलंही कनेक्शन त्याला वेगवानच वाटतं. शाखेच्या पीसींना 'ओन्ली अलाउ लोकल यूझर प्रोफाइल्स' ही पॉलिसी लावा. कारखान्याच्या गेटवरच्या आणि वजनकाट्याच्या पीसीलाही हीच.

टॅलीचा डेटा आणि डिजिटल सिग्नेचर प्रोफाइलमध्ये ठेवायचं का?

टॅलीचा डेटा कधीच नाही, त्याची जागा सर्व्हरवर स्वतंत्र. सिग्नेचरचं सर्टिफिकेट यूएसबी टोकनमध्येच असतं, त्याचा ड्रायव्हर मात्र जिथे जिथे वापरायचं त्या प्रत्येक पीसीवर बसवावा लागतो.

प्रोफाइल सर्व्हरवर आहे म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. टेबलावर पुसलेली फाइल लॉगऑफबरोबर सर्व्हरवरूनही पुसली जाते. फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तर त्याने खराब केलेल्या फाइलीही तितक्याच निष्ठेने वर जातात. सर्व्हरवर शॅडो कॉपी चालू करा, म्हणजे कालची फाइल माणसाला स्वतः परत मिळवता येते. शिवाय एक बॅकअप नेटवर्कपासून सुटा ठेवा, अशा डिस्कवर जी काम झालं की काढून कपाटात जाते.

माणूस नोकरी सोडून गेला. प्रोफाइल उडवू का?

खातं लगेच बंद करा, पण पुसू नका. पुसलं की त्याच्या फाइलींवर मालकाच्या नावाऐवजी नुसता लांबलचक आकडा उरतो, आणि त्याच नावाचं नवं खातं केलं तरी ते जुन्या फाइलींचं मालक होत नाही. त्याची कागदपत्रं वरिष्ठांना दाखवून त्यांच्या ताब्यात द्या. बाकीचं प्रोफाइल, व्ही२ पासून व्ही६ पर्यंत जितकी फोल्डरं असतील तितकी, बॅकअपच्या डिस्कवर घ्या. आर्थिक वर्ष संपून ऑडिट झाल्यावर मग सर्व्हरवरून काढा, आणि पीसींवर राहिलेल्या त्याच्या प्रतीही काढायला विसरू नका.